सोळा कोअर आणि कुंभाराचे गाढव

घरच्या घरी गाणे ध्वनिमुद्रित करायचे मनावर घेतलेला माणूस, मग तो सांगलीचा पेटीवादक असो, नाशिकची भावगीत गायिका असो की पुण्यात जिंगल करून पाहणारा विशीतला मुलगा, पहिला प्रश्न एकच विचारतो: कॉन्फिगरेशन काय घेऊ? मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते. परवडेल त्यातला सगळ्यांत ताकदवान प्रोसेसर घे, रॅम जमेल तेवढी भर, शक्य असेल तर मॅकच घे आणि रेकॉर्डिंग ९६ नाहीतर १९२ किलोहर्ट्झवर कर. उरलेल्या पैशांत माइक आणि हेडफोन. दुकानदाराने हा सल्ला दिला तर नवल नाही, त्याचे पोट त्यावर आहे. पण आता वादकच वादकांना हे सांगतात, आणि एवढ्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला शंका घेण्याचीही लाज वाटावी.

हे मत मला चुकीचे वाटते. खर्चिक आहे म्हणून नव्हे. घरच्या ध्वनिमुद्रणात बिघडते ते एका ठिकाणी आणि हे मत औषध लावते दुसऱ्याच ठिकाणी, म्हणून.

तरी आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा, कारण एके काळी तो खरा होता. १९९१ साली प्रो टूल्स बाजारात आले तेव्हा त्यावर चार ट्रॅक चालत; तेही संगणकाच्या प्रोसेसरच्या जिवावर नव्हे, तर आत बसवलेल्या वेगळ्या, महागड्या कार्डांवर. १९९६ मध्ये स्टाइनबर्ग कंपनीने क्यूबेस व्हीएसटी आणले आणि रिव्हर्ब, इक्वलायझर ही कामे संगणकाच्या स्वतःच्या प्रोसेसरवर होऊ लागली. तिथून पुढे बरीच वर्षे नवा प्रोसेसर म्हणजे आणखी ट्रॅक, आणखी रिव्हर्ब, असा रोकडा हिशेब होता. त्या काळात तयार झालेल्या ध्वनिमुद्रकांनी संगणक बदलला आणि काम मोकळे झाले, हे स्वतः अनुभवले आहे. त्यांचे मत अडाणीपणाचे नाही, जुने झालेले आहे. शिवाय आजही पूर्वपक्षाकडे सांगण्यासारखे काही आहे. ऑर्केस्ट्राच्या वाद्यांचे नमुने साठवलेली मोठी ग्रंथालये खरोखरच मेमरी खातात. संगणक पाच-सहा वर्षे वापरायचा, तर थोडे पुढचे पाहून घ्यावा, हेही रास्त. आणि शेवटचा मुद्दा असा की नावाजलेल्या प्रत्येक स्टुडिओत असे दांडगे यंत्र दिसतेच. मग ते उगीच असेल का?

या शेवटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. तो सगळ्यांत दुबळा आहे आणि सगळ्यांत लोकप्रियही. कारण कशाला म्हणावे, याची चर्चा करताना नैयायिक घड्याचे उदाहरण घेतात. माती, चाक, दांडा, कुंभार ही घड्याची कारणे. माती वाहून आणणारे गाढवही घडा होताना तिथेच उभे असते, पण ते कारण नव्हे. माती डोक्यावरून आणली तरी घडा होतोच. अशा गोष्टीला न्यायशास्त्रात ‘अन्यथासिद्ध’ म्हणतात. नावाजलेल्या स्टुडिओतून निघणाऱ्या आवाजाची कारणे म्हणजे तिथली मोजूनमापून बांधलेली खोली, चांगला माइक, तो कुठे ठेवायचा हे कळणारा ध्वनिमुद्रक आणि समोर बसलेला तयारीचा वादक. कोपऱ्यात गुरगुरणारे यंत्र या सगळ्यांच्या सोबत हजर असते एवढेच. ते तिथे असते, कारण तिथे चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचे शेकडो ट्रॅक एका वेळी उघडावे लागतात. एक गळा, एक पेटी, तबला आणि तानपुरा यांच्यासाठी ते लागत नाही.

आता मूळ मुद्दा. ध्वनिमुद्रण करताना संगणक आवाज सलग धारेने घेत नाही, लहान लहान गठ्ठ्यांनी घेतो. या गठ्ठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुने या वेगाने, १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर एक गठ्ठा २.६७ मिलिसेकंदांचा होतो. म्हणजे सेकंदाला ३७५ वेळा प्रोसेसरने एक गठ्ठा घ्यायचा, त्यावरची सगळी कामे उरकायची आणि पुढचा येण्याच्या आत तो परत द्यायचा. सहा मिनिटांच्या अभंगात असे १,३५,००० गठ्ठे होतात. त्यांतला एक उशिरा पोचला की कानाला ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो नेमका आलापाच्या मधोमध आला की टेक फुकट जातो.

यात लक्षात घ्यायचे ते हे की काम किती लवकर होते याला इथे बक्षीस नाही. गठ्ठा अर्ध्या मिलिसेकंदात तयार झाला काय आणि दोन मिलिसेकंदांत झाला काय, ऐकणाऱ्याला फरक शून्य. फरक पडतो तो एकदाही उशीर न होण्याने. सरासरी वेग आणि कधीही न चुकणारी वेळ हे दोन वेगळे गुण आहेत आणि दुकानातल्या फलकावर फक्त पहिला लिहिलेला असतो. म्हणूनच एक दृश्य सर्रास दिसते: प्रोसेसरवरचा भार वीस टक्केसुद्धा नाही आणि तरी आवाज तडतडतो. प्रोसेसर ताकदीत कमी पडतो असे मानले, तर या दृश्याचा उलगडा होतच नाही.

उलगडा वेगळ्या ठिकाणी आहे. विंडोजवर वायफाय, ग्राफिक्स कार्ड, ब्लूटूथ, बॅटरी या प्रत्येकाचा ड्रायव्हर मधूनमधून प्रोसेसरला ‘माझे काम आधी’ म्हणून अडवतो. बहुतेक वेळा हा अडथळा इतका छोटा असतो की कळतही नाही. पण एखादा वाईट लिहिलेला ड्रायव्हर चार-पाच मिलिसेकंद अडवून बसला, की २.६७ मिलिसेकंदांची मुदत टळलीच. तेवढा वेळ प्रोसेसर आपल्या हातातच नसतो, मग तो दुप्पट वेगाचा असून काय उपयोग? भरीला वीज वाचवण्यासाठी आजचे प्रोसेसर क्षणाक्षणाला वेग कमी-जास्त करतात, मध्येच डुलकीही घेतात. जागे व्हायला जो वेळ जातो तोही याच मुदतीतून कापला जातो. गेमिंगसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या दांडग्या लॅपटॉपवर तर दोन-दोन ग्राफिक्स चिप, रंगीत दिव्यांचे सॉफ्टवेअर, पंख्यांचे सॉफ्टवेअर, कंपनीचे स्वतःचे ‘कंट्रोल सेंटर’ अशी अडवणाऱ्यांची रांगच असते. म्हणजे जास्त पैसे मोजून माणूस जास्त अडथळे घरी आणतो.

वेग आणि वेळ यांतला हा फरक संगणकशास्त्रात नवा नाही. लिनक्सच्या गाभ्यात काटेकोर वेळ पाळणारी व्यवस्था आणण्यासाठी तज्ज्ञांनी सुमारे वीस वर्षे खपून काम केले आणि २०२४ मध्ये ६.१२ या आवृत्तीत ती मुख्य गाभ्यात सामील झाली. त्या वीस वर्षांत प्रोसेसरचे वेग कितीतरी वाढले. नुसत्या वेगाने प्रश्न सुटण्यासारखा असता, तर हा खटाटोप कोणी केला नसता. तिकडे १९८५ च्या अटारी एसटी या संगणकाची गोष्ट आहे. आठ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, अंगातच मिडीची दोन भोके आणि एका वेळी एकच काम करणारी प्रणाली. त्याच्या मिडीच्या काटेकोर वेळेचे कौतुक जुने वादक अजून करतात. तो प्रत्यक्ष आवाज हाताळत नव्हता, फक्त ‘हा स्वर आता वाजव’ असे संदेश पाठवत होता, हे मान्य. पण वेळ पाळायला ताकद लागत नाही, दुसऱ्या कुणाची लुडबुड नसावी लागते, एवढे तो सिद्ध करून गेला.

सोळा कोअरचे काय? इथे १९६७ साली जीन अ‍ॅमडाल यांनी मांडलेला नियम आठवावा: कामाचा जो भाग एकामागून एकच करावा लागतो, तो कितीही हात लावले तरी लवकर होत नाही. एका गळ्याच्या ट्रॅकवर आधी इक्वलायझर, मग कॉम्प्रेसर, मग रिव्हर्ब अशी साखळी असते. पहिल्याचे उत्तर आल्याशिवाय दुसऱ्याला काम नाही, म्हणून ती साखळी एकाच कोअरवर चालते. वेगवेगळे ट्रॅक वेगवेगळ्या कोअरवर वाटता येतात हे खरे. पण शेवटी सगळे जिथे मिळतात त्या मुख्य वाहिनीवरची साखळी पुन्हा एकाच कोअरवर. त्यामुळे सहा किंवा आठ कोअर आणि त्यांतल्या एकेकाचा चांगला वेग, इतके पुरते. पुढचे आठ बहुतेक वेळ बसून राहतात. शिवाय २०२१ पासून इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत काही कोअर वेगवान आणि काही काटकसरी अशी विभागणी असते. आवाजाचे तातडीचे काम चुकून काटकसरी कोअरवर गेले की महागडा प्रोसेसरही अडखळतो.

डिस्कचा हिशेब तर कागद-पेन्सिलीने होतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक सेकंदाला १४४ किलोबाइट मागतो. गळा, पेटी, तबल्याचे दोन माइक, पखवाज, टाळ, तानपुरा आणि कोरस धरून वीस ट्रॅक झाले, तरी तीन मेगाबाइट भरत नाहीत. साधी एसएसडी सेकंदाला पाचशेच्या आसपास देते. पुढे बोलण्यासारखे काही उरत नाही.

सॅम्पल रेटवर मात्र थोडे थांबायला हवे, कारण इथे पूर्वपक्ष विज्ञानाचा वेष घेऊन येतो. ‘डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, रेट वाढवला की पायऱ्या बारीक होतात आणि आवाज मूळच्या जवळ जातो’ हे चित्र जवळजवळ प्रत्येकाच्या मनात असते आणि ते साफ खोटे आहे. हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये पाया घातला आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये सिद्ध करून दाखवले ते असे: एखाद्या लहरीत अमुक कंपनसंख्येच्या वरचे काही नसेल, तर तिच्या दुपटीहून जास्त वेगाने घेतलेल्या नमुन्यांतून ती लहर जशीच्या तशी परत उभी करता येते. जवळपास सारखी नव्हे, तीच. दोन नमुन्यांच्या मधले काही हरवत नाही, आणि परत आलेल्या आवाजात पायऱ्या नसतात. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो; वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. सीडीचा ४४,१०० हा आकडा याच गणितातून निघाला. नेमका तोच का, तर तेव्हा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवत आणि त्या टेपच्या रेषांच्या हिशेबात तो आकडा बसत होता. शिवाय हातातला माइकही पाहावा. मंचावर सर्वत्र दिसणारा शुअर एसएम ५८ निर्मात्याच्याच कागदानुसार ५० ते १५,००० हर्ट्झ पकडतो. त्याच्यामागे १९२ किलोहर्ट्झ लावणाऱ्याने पकडायचे तरी काय?

प्रयोगही झाले आहेत. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणांच्या मध्ये सीडीच्या दर्जाची पायरी घालून ५५४ चाचण्या घेतल्या. श्रोत्यांची २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून यावीत तितकीच. एवढ्यावर थांबलो तर मी वकिली करत आहे, असे होईल. २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील जोशुआ रीस यांनी अशा १८ प्रयोगांतल्या साडेबारा हजारांहून अधिक चाचण्यांची एकत्र छाननी केली आणि श्रोते ५२.३ टक्के वेळा फरक ओळखतात, असे त्यांना आढळले. कानाला आधी सराव दिलेल्यांचे प्रमाण याहून बरेच चांगले होते. फरक अगदीच नाही असे म्हणता येत नाही. पण पन्नास जिथे निव्वळ अंदाज आहे, तिथे ५२.३ म्हणजे काय, ते वाचकाने ठरवावे, आणि त्यासाठी प्रोसेसरवर चौपट भार आणि डिस्कवर चौपट जागा मोजावी का, तेही. ‘वरच्या रेटला लेटन्सी, म्हणजे आवाज परत ऐकू यायला लागणारा उशीर, कमी होते’ असाही एक युक्तिवाद करतात. तो खरा आहे, पण पोकळ आहे: ९६ वर १२८ चा बफर आणि ४८ वर ६४ चा बफर यांचा वेळ एकच, आणि गठ्ठा परत द्यायची मुदतही तेवढीच.

बिटचे मात्र वेगळे आहे. तिथे २४ च घ्यावेत, कारण आवाज लाल रेषेच्या बराच खाली ठेवून निर्धास्तपणे गाता येते. पण तेही त्याच्या मर्यादेत. शहरातल्या घरात पंखा बंद करून, रात्री, खिडक्या लावूनही खोलीचा आवाज तीस-पस्तीस डेसिबल असतो. माइकजवळ मोकळ्या गळ्याने गाणारा नव्वदच्या आसपास जातो. मधले अंतर साठ डेसिबलच्या घरात. सोळा बिटांतही साठ नव्हे, शहाण्णव डेसिबल मावतात. म्हणजे यंत्राची सीमा लागण्याच्या कितीतरी आधी खोलीची लागते.

आणि त्या खोलीत ताकदवान यंत्र काय करते? तापते, आणि तापले की पंखा फिरवते. व्यावसायिक स्टुडिओत संगणक बाहेरच्या खोलीत ठेवून तारा भिंतीतून आणतात. घरी माइक आणि संगणक यांच्यात हातभर अंतर असते. तानपुऱ्याचा झंकार विरत जातो तिथे, गायिकेने श्वास घेतला तिथे, संवादिनी थांबून गळा एकटा उरतो तिथे, पंख्याची घरघर उघडी पडते. नंतर ती सॉफ्टवेअरने पुसायला गेले की तानपुराही थोडा पुसला जातो. मॅकच्या बाजूने बोलणाऱ्यांचे मला इथे पटते, फक्त त्यांच्या कारणासाठी नाही. मॅकमध्ये आवाजाची व्यवस्था प्रणालीतच नीट बांधलेली आहे, तर विंडोजवर तीच सोय होण्यासाठी स्टाइनबर्गला १९९७ मध्ये एएसआयओ नावाची वेगळी वाट काढावी लागली. हा फायदा खरा आहे. आणि २०२० च्या शेवटी आलेल्या एम-वन मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. म्हणजे त्या घराण्यातले सगळ्यांत हलके यंत्र घरच्या ध्वनिमुद्रणाला सगळ्यांत सोयीचे! जड मिक्सिंग बराच वेळ चालले की ते तापून मंदावते, आणि रॅम नंतर वाढवता येत नाही, हे लक्षात ठेवून घ्यावे.

इथवर माझ्याशी सहमत असलेले काही जण एक आणखी युक्तिवाद पुढे करतात, तो मात्र मला नको आहे. ते म्हणतात, १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर चाललेल्या ‘गीतरामायणा’च्या ५६ गीतांमागे कुठला संगणक होता? संगणक नव्हता, पण शब्द लिहिणारे गदिमा होते, चाली देणारे बाबूजी होते, आकाशवाणीची खास बांधलेली ध्वनिरोधक खोली होती, आणि पगारी, प्रशिक्षित ध्वनिअभियंते होते. घरी बसलेल्या माणसाकडे यांतले शेवटचे दोनही नाहीत. पहिल्या दोघांचे तर बोलायलाच नको. ‘प्रतिभा असली की साधने गौण’ हे वाक्य टाळ्या घेते, पण ज्याच्या खोलीत टाळी वाजवली की भिंती उलट टाळी देतात, त्याच्या ते काही कामाचे नाही. साधने लागतातच. प्रश्न कोणती, हा आहे.

म्हणून खोलीकडे येऊ, कारण घरच्या ध्वनिमुद्रणातले निम्मेअधिक दोष तिथे जन्मतात. आपल्याकडच्या फ्लॅटमधली लहान खोली साधारण दहा बाय दहा फूट, आणि उंचीही दहाच्या आसपास. ध्वनिशास्त्राच्या दृष्टीने याहून वाईट आकार शोधून सापडणार नाही. दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाज सेकंदाला ३४३ मीटर धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्याची अर्धी लहर बरोबर मावते, तो स्वर ५६ हर्ट्झच्या आसपासचा. लांबी, रुंदी, उंची वेगळी असती तर तीन वेगळे स्वर थोडे थोडे घुमले असते. घनाकृती खोलीत तिन्ही दिशा एकाच स्वरावर घुमतात. त्यातून खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेल्याला नेमका हाच ५६ हर्ट्झ ऐकू येत नाही, कारण त्या लहरीचा दाब मध्यावर शून्य असतो, आणि त्याच्या दुपटीचा ११२ हर्ट्झ मात्र तिथेच फुगतो. मग हा माणूस खालचा आवाज कमी वाटतो म्हणून वाढवतो, डग्ग्याची घुमी जास्त वाटते म्हणून छाटतो, आणि फाईल मित्राला पाठवतो. मित्राच्या गाडीत स्पीकर धडधडतात आणि तबला पत्र्यासारखा वाजतो. पुढच्या महिन्यात नवा संगणक येतो. ५६ हर्ट्झ जिथे होता तिथेच राहतो.

भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची आपल्याकडे भारी हौस. दिसायला स्टुडिओसारखे दिसते, आणि तेवढेच होते. इंचभर जाडीच्या फोमचेही थोडेफार तेच. तो वरचे स्वर खातो, खालच्यांना हात लावत नाही, त्यामुळे खोली मंद आणि घुमी होते. ५६ हर्ट्झची लहर सहा मीटर लांब. तिला इंचभर फोम काय थोपवणार? चार इंची रॉकवूलचे पट्टे, कापडात गुंडाळून, कोपऱ्यांत आणि भिंतीपासून थोडे सुटे ठेवले तर खालच्या स्वरांवर काही परिणाम होतो. सगळा प्रश्न त्यानेही सुटत नाही. पण नुसता गळा ध्वनिमुद्रित करायचा तर गायकाच्या पाठीमागे आणि बाजूंना कापसाच्या जाड गाद्या उभ्या करणे हा उत्तम आणि जवळजवळ फुकटचा उपाय आहे. कपड्यांनी भरलेले उघडे कपाटही चालते. नव्या प्रोसेसरपेक्षा या गाद्यांनी जास्त फरक पडतो, आणि तो आंधळ्या चाचणीशिवायही कळतो.

मग करावे काय? संगीतासाठी जी एकूण रक्कम बाजूला काढली असेल तिचा तिसरा हिस्सा संगणकाला, त्याहून जास्त नाही, असे माझे मत आहे. उरलेल्यात इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारे उपकरण), माइक, हेडफोन आणि खोली. संगणक निवडताना पहिला निकष शांतपणा, दुसरा एका कोअरचा वेग, मग १६ जीबी रॅम. ऑर्केस्ट्राची ग्रंथालये वापरणार असाल तर ३२. आधीपासून चांगला चालणारा संगणक असेल तर नवा घेऊच नका. इंटरफेससाठी त्याच्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर वापरावा, सर्वांना चालणारा तात्पुरता नको. इंटरफेस थेट संगणकाच्या यूएसबीला लावावा, हबला नाही. विंडोजमध्ये वीज वाचवण्याची व्यवस्था बंद करून पूर्ण वेगाची योजना निवडावी, टेक घेताना वायफाय आणि ब्लूटूथ बंद, आणि गाण्याचे फोल्डर क्लाउडवर आपोआप चढणाऱ्या जागेत ठेवू नये. प्रणाली, सॉफ्टवेअर आणि इंटरफेस तिघांचाही रेट ४८ ठेवावा. व्हिडिओचाही तोच असतो.

गाणाऱ्यांसाठी सगळ्यांत मोलाची गोष्ट इंटरफेसवरच्या ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाच्या बटणात आहे. ते दाबले की गायकाला स्वतःचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये ऐकू येतो. मग बफर ५१२ असला तरी गाताना काही अडत नाही, आणि ज्या कमी लेटन्सीसाठी दांडगा प्रोसेसर घ्यायचा होता तिचा प्रश्नच मिटतो. कीबोर्डवर सॉफ्टवेअरमधले वाद्य वाजवायचे असेल तेवढ्यापुरता बफर ६४ किंवा १२८ वर आणावा. तिथेही फार घाबरू नये: दहा मिलिसेकंद म्हणजे साडेतीन मीटरवर बसलेल्या साथीदाराचा आवाज यायला लागतो तेवढा वेळ, आणि बैठकीत एवढ्या अंतराने कुणाची लय सुटत नाही. मिक्सिंगला बफर १०२४ करावा आणि प्लगिनचा भार फार झाला तर पक्के झालेले ट्रॅक फ्रीझ करावेत.

आपल्याकडे एक दोष असा आहे की परदेशी पुस्तकांत त्यावर दोन ओळींहून जास्त नसते: अर्थिंग. जुन्या इमारतींत ते कागदावरच असते आणि ध्वनिमुद्रणात ५० व १०० हर्ट्झची गूं चिकटते. लोक त्याचा दोष माइकला देतात, इंटरफेस बदलतात. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर एक टेक घ्यावा. गूं गेली तर इलेक्ट्रिशियनला बोलवावे, विक्रेत्याला नव्हे. क्रॅक केलेल्या प्लगिनबद्दल तर नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे सांगेन की कारण न कळता बंद पडणाऱ्या संगणकांत यांचा वाटा मोठा असतो. रीपर हे ध्वनिमुद्रणाचे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि त्याचा व्यक्तिगत परवाना ६० डॉलरचा आहे. आर्डर तर मुक्त सॉफ्टवेअर आहे. दोन्हींवर अभंगापासून मंगलाष्टकांच्या ट्रॅकपर्यंत सगळे होते.

कुणाला खरेच मोठे यंत्र लागते? चित्रपटाचे पार्श्वसंगीत करणाऱ्याला, ज्याच्या एका फाईलमध्ये पूर्ण ऑर्केस्ट्रा उघडा असतो. त्याला ६४ जीबी रॅमही कमी पडेल. डॉल्बी अ‍ॅटमॉसमध्ये मिक्स करणाऱ्याला, जिथे १२८ वाहिन्या एकदम सांभाळायच्या असतात. त्यांनी खुशाल घ्यावे. पण हे लोक कोणते कॉन्फिगरेशन घेऊ, असे विचारत फिरत नाहीत. त्यांना आपला भार माहीत असतो.

विचारणाऱ्या बाकीच्यांना एक विनंती. दुकानात जाण्याआधी घरच्या संगणकावर लेटन्सीमॉन हे छोटे सॉफ्टवेअर पंधरा मिनिटे चालवा. घरगुती वापराला ते फुकट आहे आणि कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो ते नावानिशी सांगते. मग खोलीच्या मधोमध उभे राहून एक टाळी वाजवा, आणि गाद्या लावून पुन्हा वाजवा. एवढे झाल्यावरही संगणकच दोषी ठरला, तर जरूर नवा घ्या.